प्रभाग नऊचं बाद मत

कवठसर नगरपंचायतीच्या प्रभाग नऊचा निकाल एका मतानं लागला. सरूबाई चारशे बारा, नानासाहेब चारशे अकरा. सरूबाई तेव्हा मतमोजणीच्या मंडपाबाहेर नातीला शेंगा सोलून देत बसली होती. कुणीतरी तिला दंडाला धरून उठवलं आणि सांगितलं की मावशी, तुम्ही निवडून आलात. नानासाहेबांच्या जीपमध्ये गुलालाची दोन पोती होती. ती तशीच घरी परत आली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली गेली.

नानासाहेब दहा वर्षं या भागाचे पुढारी, आधी ग्रामपंचायतीत आणि मग नगरपंचायतीत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाचा दाखला अडला, कुणाची म्हैस विहिरीत पडली, कुणाच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडायला आलं, की नाना हजर. पण वेशीवर वडिलांच्या नावाची कमान उभी करायला ज्याला आठ महिने पुरले, त्याला शाळेपर्यंत तीनशे फूट पाइप टाकायला दहा वर्षं पुरली नाहीत. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. कमान मात्र देखणी होती.

राजनंदिनी ही नानांची सून, आणि त्याच बिननळाच्या शाळेतली चौथीची शिक्षिका. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिनं सासऱ्यांच्या कानावर नळाचा विषय घातला होता, आणि दर वेळी नाना म्हणायचे, करू की. एकदा तर पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत म्हणाले, आमच्या सूनबाईनं घरातच मोर्चा काढलाय. बैठक खो खो हसली. चहाचा ट्रे धरून उभी असलेली राजनंदिनीसुद्धा हसली, आणि आत जाऊन तिनं कपबश्या अशा आदळल्या की एका कपाचा कान तुटला.

सरूबाई त्या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवायची. पाणी अर्ध्या किलोमीटरवरच्या हापशावरून हंड्यानं आणायची. निवडणूक लागली तेव्हा तिनं ते काम सोडलं आणि सरळ नानांच्या विरोधात अर्ज भरला. गावाची करमणूक झाली. प्रचारात ती दारोदार एकच गोष्ट सांगायची, शाळेत नळ आणीन, बाकीचं मला काही येत नाही.

राजनंदिनीनं तिला मत दिलं. त्यात बंड नव्हतं, भाऊबंदकी नव्हती, कुणाची फूस तर नव्हतीच. तिला नळ हवा होता. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मत गुप्त असतं असं ती दर वर्षी पोरांना शिकवायची, आणि शिकवलेलं खरं असतं असं तिला वाटत होतं.

तिचं मत टपाली होतं. ज्या नोकरदारांना निवडणुकीची ड्यूटी लागते त्यांना मतदानाच्या दिवशी आपल्या गावी येता येत नाही, म्हणून आधीच कागदी मतपत्रिका मिळते. राजनंदिनीची ड्यूटी लागली होती पार सोयगावला. प्रभाग नऊमध्ये असे टपाली मतदार पाच होते, आणि नानांचा सगळा खटला पुढं या पाच माणसांवर उभा राहिला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत नानांनी हाताची पाच बोटं वर केली. कृषी सहायक पुंजाराम आपला. बँकेतला शिपाई बन्सी आपला. सूनबाई तर घरचीच. ही झाली तीन. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आणि त्यांचे मास्तर यजमान, ही दोन सरूबाईची. मोजणीत मात्र दोघांनाही दोन-दोनच टपाली मतं मिळाली आणि एक बाद झालं. "आपली तीन, त्यांची दोन. मोजली दोन-दोन," नाना म्हणाले. "मग बाद झालं ते कुणाचं? आपलंच ना?"

ते मत धरलं तर बरोबरी होत होती, आणि बरोबरी झाली की चिठ्ठी टाकून निकाल लागतो. बाद झालेली मतपत्रिका नानांच्या बाजूनं कुणीच पाहिली नव्हती. टपाली मतं सगळ्यात आधी मोजतात, आणि नानांचा मुलगा सत्यम, म्हणजे राजनंदिनीचा नवरा, मोजणी प्रतिनिधीच्या पासावर लावायचा फोटो घरी विसरला होता. तो फोटो घेऊन येईपर्यंत बाद मतपत्रिकेचं पाकीट सीलबंद झालं होतं. सरूबाईचा प्रतिनिधी तर नव्हताच. असा प्रतिनिधी नेमता येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दाराआड उभी राहून राजनंदिनी हे ऐकत होती. नानांचा हिशेब कुठं चुकतोय हे तिला एकटीला माहीत होतं. आपली तीन नव्हती, दोनच होती. म्हणजे बाद झालेलं मत सरूबाईच्या तिघांपैकी कुणाचं तरी होतं, आणि त्या तिघांत ती स्वतः होती. पर्यवेक्षिकाबाईंच्या यजमानांनी काहीतरी घोळ घातला असेल असं ती धरून चालली. त्या गृहस्थांचा स्वभावच तसा होता, त्यामुळं तिला ते पटलंही.

निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निकालानंतर दहा दिवसांत जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. नानांनी चौथ्याच दिवशी संभाजीनगर गाठलं. कागद नीट वाचणारं माणूस सोबत हवं म्हणून सूनबाईला घेतलं. छावणीच्या बाजारामागं वकील मिहिर धारूरकरांचं ऑफिस होतं. आजोबा निजामाच्या कचेरीत पेशकार, वडील दिवाणी वकील, आणि हा तिसऱ्या पिढीचा मुलगा निवडणुकीच्या खटल्यांत मुरलेला. बोलायला मऊ होता आणि समोरच्याला चहा संपवू द्यायचा.

मिहिरनं निवडणूक अधिकाऱ्याच्या नोंदीची नक्कल काढून आणली होती. ती त्यानं मोठ्यानं वाचली. टपाली मतपत्रिका एक, मतदाराची ओळख पटेल अशी खूण असल्यानं नाकारली.

राजनंदिनीनं हातातला चहाचा कप न संपवता खाली ठेवला.

तिला तो दिवस आठवला. तालुक्याच्या सभागृहात ड्यूटीचं दुसरं प्रशिक्षण चाललं होतं. ध्वनिक्षेपकावरून एक गृहस्थ मशीनचं कुठलं बटण कधी दाबायचं ते चौथ्यांदा सांगत होते, आणि ती मांडीवर चौथीच्या वह्या घेऊन तपासत बसली होती. अडतीस वह्या. उत्तर वाचायचं, बरोबरची खूण करायची, खूण केली की तिच्याखाली आपली दोन अक्षरांची छोटी सही आणि तारीख. उत्तर, खूण, सही, तारीख. चोविसाव्या वहीला तिचं नाव पुकारलं. ती उठली, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली, मतपत्रिका उघडली आणि सरूबाईच्या नावासमोर बरोबरची खूण केली.

त्याच्यापुढं काय केलं ते डोक्याला आठवत नव्हतं. हाताला आठवत होतं. बारा वर्षांच्या नोकरीत त्या हातानं बरोबरची खूण करून खाली सही केली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

तिकडं मिहिर नानांना समजावत होता. खूण म्हणजे काय, हा खरा प्रश्न आहे. शाईचा डाग पडला, अंगठा उमटला, पेन घसरलं, याला ओळखीची खूण म्हणत नाहीत. त्या खुणेवरून हा अमुक मतदार असं सांगता आलं पाहिजे. तसं सांगता येत नसेल तर मत बाद करता येत नाही, ते मोजावंच लागतं. अर्जाचा दुसरा मुद्दाही त्यानं मांडला. वर्षापूर्वी वारलेल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर कुणीतरी मत टाकून गेलं होतं, आणि मृत्यूचा दाखला नानांकडं होता. अंतर एका मताचं असेल तर असं एक बोगस मतसुद्धा निकाल फिरवू शकतं, आणि फेरनिवडणूक मागता येते. अंतर दोनचं झालं की तो मुद्दा संपला. एक मुद्दा पडला तरी दुसऱ्यावर उभं राहता येईल, असं म्हणून त्यानं फाइल बांधली.

परतीच्या वाटेवर नाना खुशीत होते. वैजापूरच्या अलीकडं थांबून त्यांनी घरासाठी पेरू घेतले. राजनंदिनी मागच्या सीटवर उजवा हात डाव्या हातात धरून बसली होती. चोरी केली असती तरी तिला इतकी भीती वाटली नसती, कारण चोरी लपवता येते. हिनं गुन्ह्यावर सही करून तारीख टाकली होती.

आणि ही सही कुणाला ओळखू येणार नाही? रोज संध्याकाळी ओट्यावर ती वह्या तपासायची तेव्हा समोरच्या बाजेवर नानाच बसलेले असायचे. कधीकधी ढीग सरळ करून द्यायचे. गावातल्या निम्म्या घरांत त्या सहीच्या वह्या होत्या.

तारखा पडत गेल्या. मधल्या काळात सरूबाईनं शपथ घेतली, पण तिच्या डोक्यावर खटला आहे म्हणून नगरपंचायतीत तिचं कुणी ऐकेना. पाइपाचा ठराव तिनं दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा, कोर्टाचं काय ते होऊ द्या, असं म्हणून बाजूला ठेवला गेला. शाळेतल्या मुली अजून पाण्याला हापशावर जात होत्या. हे सगळं राजनंदिनी शाळेच्या व्हरांड्यातून बघत होती, आणि घरी आल्यावर नानांना जेवायला वाढत होती. सासूबाई मनकर्णाबाईंनी एकदा विचारलं, तुझं जेवण का कमी झालंय. तिनं पित्ताचं कारण सांगितलं.

मग प्रतिज्ञापत्राची गोष्ट निघाली.

ती नानांच्या डोक्यातली कल्पना होती. पाकीट उघडायचा आदेश न्यायालय सहजासहजी देत नाही, तर आपल्या तिन्ही मतदारांनी शपथेवर लिहून द्यावं की आम्ही नानासाहेबांना मत दिलं. तीन माणसं तीन मतं सांगतायत आणि मोजणीत दोनच निघालीत म्हटल्यावर न्यायाधीश पाकीट उघडतीलच. मिहिरला हे फारसं पसंत नव्हतं. मत कुणाला दिलं ते सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही, पण कुणी आपखुशीनं दिलं तर कागदाला वजन येईल, एवढंच तो म्हणाला. पुंजाराम आणि बन्सीनं आदल्याच दिवशी सह्या केल्या होत्या.

छावणीतल्या त्याच टेबलावर तिसरा कागद राजनंदिनीसमोर आला. मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की. बाजूला नोटरी शिक्का घेऊन बसला होता. नानांनी खिशातून स्वतःचं पेन काढून तिच्यापुढं ठेवलं.

तिनं कागद दोनदा वाचला. सही केली तर खोटी शपथ, आणि पाकीट उघडलं की त्या खोट्यावर तिच्याच हस्ताक्षराचा पुरावा. नाही केली तर आत्ता, या खोलीत, चार माणसांसमोर प्रश्न.

"मी नाही करणार सही," ती म्हणाली.

मिहिरनं पेपरवेट थोडं सरकवलं. नाना तिच्याकडं बघत राहिले, आणि तिला वाटलं की आता यांना कळलं, आता तिच्या नावाचं तिसरं बोट खाली येणार. मतांची गणितं करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"बरोबर हाय तिचं," नाना म्हणाले. "सरकारी नोकरी हाय, उद्या कुणी चौकशी लावली तर? राहू द्या वकीलसाहेब. घरचं मत हाय ते. त्याला कागद कशाला लागतो?"

त्यांनी पेन उचलून खिशाला लावलं. रागावले असते, ओरडले असते, तर राजनंदिनीनं तिथंच सगळं सांगून टाकलं असतं. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि तिचं तोंड बंद झालं. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली. मत दिल्याची नव्हे, त्या माणसाच्या भरवशाआड लपून बसल्याची.

दोनच प्रतिज्ञापत्रांवर मिहिरनं जोरदार युक्तिवाद केला. नानांनी साक्षीत शपथेवर सांगितलं की ती खूण शाईचा डागच असणार. निकालानंतर आठ महिन्यांनी न्यायालयानं आदेश दिला, की बाद मतपत्रिकेचं पाकीट कोषागारातून आणून दोन्ही बाजूंसमोर उघडावं.

आदेशाच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत राजनंदिनीनं मिहिरला फोन लावला. सहज विचारते असं म्हणून विचारलं, पाकीट उघडलं की ते कोण कोण बघणार. न्यायाधीश बघतील, आम्ही दोन्ही वकील बघू, गरज पडली तर पक्षकार, तो म्हणाला. मग मत गुप्त कसं राहणार, असं तिनं विचारलं.

"कायदा मतदाराचं गुपित राखतो, बाई," तो म्हणाला. "पण मतदारानंच कागदावर स्वतःचं नाव घातलं असेल, तर कायदा तरी काय करणार?"

त्याला काही संशय आला होता की नाही, ते तिला आवाजावरून कळलं नाही. शाळेची घंटा झाली आणि ती वर्गात गेली. त्या दिवशी तिनं एकही वही तपासली नाही.

तारखेला सकाळी ते तिघं अदालत रोडवरच्या न्यायालयात पोहोचले. सत्यम गाडी लावायला जागा शोधत राहिला. नानांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि ते जिन्यापाशी एकेका ओळखीच्याला रामराम घालत होते. राजनंदिनीनं मनाशी ठरवलं होतं की आता सांगायचंच. तिनं त्यांना व्हरांड्याच्या कडेला घेतलं आणि म्हणाली, नाना, हे आपण सोडून देऊ या. अर्ज मागं घेऊ.

नाना चकित झाले. आठ महिने झिजलो आणि आज पाकीट उघडायच्या दिवशी सोडायचं, कशापायी, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माझ्याकडून एक गोष्ट झालीय. तेवढ्यात दरवाजातून शिपायानं नानांचं नाव पुकारलं. पहिल्या पुकाराला हजर राहायची त्यांना शिस्त होती. ते उपरणं सावरत आत गेले, आणि तिचं वाक्य व्हरांड्यातच राहिलं.

न्यायाधीशबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. डाव्या बाकावर सरूबाई पदर घट्ट धरून बसली होती. राजनंदिनी मागच्या रांगेत भिंतीला लागून बसली. सत्यम येऊन तिच्याशेजारी टेकला. पाकीट टेबलावर आलं, दोन्ही वकिलांनी सील तपासलं, आणि कारकुनानं ब्लेडनं कडा कापली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला आणि मतपत्रिका उलगडून बराच वेळ पाहिली. मग दोन्ही वकिलांना पुढं बोलावलं. मिहिर वाकला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्याचे कान लाल झाले होते. सरूबाईचा वकील मात्र हसू दाबत होता.

न्यायाधीशबाई म्हणाल्या की मतदाराची पसंती स्पष्ट आहे, तिच्याबद्दल वाद नाही. प्रश्न खुणेचा आहे. मतपत्रिकेवर दोन अक्षरांसारखं काहीतरी आणि तारीख आहे. नुसत्या दोन अक्षरांवरून न्यायालयाला मतदार कळत नाही. ती गावात कुणाला ओळखू येत असतील तर मत बादच राहील, येत नसतील तर मोजावं लागेल. सरूबाईच्या वकिलानं सांगितलं की आमच्या अशिलाला वाचता येत नाही, आणि हे मत मोजायला आमची हरकत नाही. मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, खूण ओळखीची नाही असं अर्जदारानंच शपथेवर सांगितलंय, तर अर्जदारानं ती आता स्वतः पाहून सांगावं.

नाना उठले. साक्षीच्या पिंजऱ्याकडं जाताना मिहिर त्यांच्या कानाशी लागला. काय बोलला ते त्यानं नंतर सत्यमला सांगितलं. नाना, मत सरूबाईचं आहे. खूण ओळखतो म्हणा, कुणाचंही नाव आठवून सांगा, पण ओळखतो म्हणा. मत बाद राहील, अंतर एकचं राहील, म्हाताऱ्याच्या बोगस मतावर आपण फेरनिवडणूक मागू. नाही म्हणालात तर सगळं संपलं.

नानांना पुन्हा शपथ दिली गेली. कारकुनानं मतपत्रिका त्यांच्यापुढं धरली. नानांनी चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ते कागदावर वाकले.

राजनंदिनीला मागून त्यांची फक्त मान दिसत होती. ती मान हलली नाही. वर पंखा फिरत होता आणि खाली कुणीतरी खोकलं. नाना वाकलेलेच राहिले. सहीचं पहिलं अक्षर दिसलं असेल, दुसरं दिसलं असेल, तारीख दिसली असेल, आणि वर सरूबाईच्या नावासमोर ती बरोबरची खूण. तिला वाटलं की हा माणूस आता कधीच सरळ उभा राहणार नाही.

"ही खूण पाहून हे मत कुणी दिलंय, ते तुम्हाला सांगता येतं का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

राजनंदिनी उभी राहिली. तिला बोलायचं होतं, मी, माझी सही आहे ती, त्यांना विचारू नका. सत्यमनं तिचा हात ओढला, त्याला वाटलं तिला चक्कर येतेय. बाक करकरला तशी नानांनी मान वळवली आणि दोघांची नजरानजर झाली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्याच घरात उंबऱ्याला ठेच लागलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"नाय, मॅडम," नाना म्हणाले. "नाय सांगता येत."

"नीट पाहा. तुम्ही शपथेवर आहात."

"पाह्यलं की. कुणाची खूण हाय, मला वळखू येत नाय."

मिहिरनं फाइल मिटली. न्यायाधीशबाईंनी एकदा नानांकडं आणि एकदा मागं उभ्या असलेल्या राजनंदिनीकडं पाहिलं. चौथीच्या बाईला त्या दोन अक्षरांची किंमत जेवढी माहीत होती, तेवढी बहुधा त्यांनाही त्या घटकेला कळली. त्यांनी विचारलं मात्र काही नाही. स्टेनोकडं वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली. अर्जदारानं शपथेवर सांगितल्यानुसार सदर खुणेवरून मतदाराची ओळख पटत नाही, सबब मत ग्राह्य. सरूबाई चारशे तेरा, नानासाहेब चारशे अकरा. मयत मतदाराच्या नावावरील एका मतानं निकालात फरक पडत नाही. अर्ज फेटाळण्यात येतो. सरूबाईनं शेजारच्या बाईला हळूच विचारलं, म्हंजे मी हाय का गेले.

आयुष्यभर शब्दाला जागलेला माणूस, शपथेवर पहिल्यांदा खोटं बोलला होता. आठ महिने ज्या एका मतासाठी पायऱ्या झिजवल्या, ते मत त्यानं स्वतःच्या तोंडानं समोरच्या बाईला देऊन टाकलं होतं.

गाडीत सत्यम संतापानं बोलत सुटला. कुठल्या शहाण्यानं मतपत्रिकेवर सही केली, एवढं तरी कळलं पाहिजे, आणि नाना, वकील सांगत होता तर तुम्ही ऐकलं का नाही. नाना पुढच्या सीटवर काचेबाहेर बघत होते. समोर बघून गाडी चालव, एवढंच ते म्हणाले. लासूरच्या पुढं त्यांनी एका टपरीपाशी गाडी थांबवायला लावली आणि सत्यमला चहा आणायला पाठवलं.

गाडीत दोघंच उरले. राजनंदिनीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. बोलल्याशिवाय आता तिचा श्वास चालणार नव्हता.

"नाना, चुकलं माझं."

नाना वळले नाहीत.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं. "मत चुकलं का सही चुकली?"

तिला दोन्ही म्हणता आलं असतं. तेच सोपं होतं, तेच रीतीचं होतं, आणि म्हाताऱ्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं असतं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

"सही," ती म्हणाली.

टपरीवर स्टोव्हचा आवाज चालला होता. रस्त्यावरून कांद्याचे दोन ट्रक गेले. नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"लई लागलं मला," ते म्हणाले. "नाय लागलं असं नाय म्हणणार. आज एकदा खोटं बोललो तेवढं बास."

सत्यम तीन ग्लास घेऊन आला. नानांनी खिडकीतून पहिला ग्लास घेतला, तो कडेनं धरला आणि मागं सुनेच्या हातात दिला.